मागची गाडी

हिवाळ्यातली एक दिवसाची सफर ठरवायची म्हटली की आमच्या क्लबात कुठे जायचे यावरून फारसा वाद होत नाही. वाद होतो तो निघायचे कधी यावरून. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात सूर्य उगवायला सात वाजतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो मावळतोही. म्हणजे हाताशी दिवस जेमतेम अकरा तासांचा. तरुण मंडळींना पहाटे चारलाच निघायचे असते, रस्ता मोकळा मिळतो म्हणून. आम्ही चाळिशी ओलांडलेले मात्र एका मुद्द्यावर अडून बसतो. फजरची नमाज जमाअतने अदा करायची, घरी एक कप चहा घ्यायचा, उजाडल्याशिवाय चाक हलवायचे नाही आणि मगरिबच्या आत गावात परत यायचे.

याला कारण थंडी नाही. आमच्याकडची थंडी ती काय, एक स्वेटर आणि वरून जाकीट घातले की झाले. कारण आहे ऊस. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमच्या जिल्ह्यातले सगळे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत मोळ्या इतक्या रचलेल्या की बाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा दिवाही झाकला जातो. टायर फुटला, एक्सल तुटला की ट्रॉली रस्त्याच्या कडेला तशीच सोडून ड्रायव्हर मदत आणायला जातो. मागे दगड लावलेले असतात, एखादी झुडपाची फांदी असते, दिवा मात्र नसतो. दिवसा ती ट्रॉली दोन फर्लांगांवरून दिसते. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर असताना ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमचा क्लब म्हणजे काही मोठे प्रकरण नाही. एकोणीस जण आहोत. तेरा मुसलमान, बाकी लिंगायत, पद्मशाली, मराठा. आम्ही चौघे शिक्षक, कोणी कंपाउंडर, कोणी चादरीच्या कारखान्यात, एक जण पंपावर कॅशियर. गाड्याही अशाच, तीन बुलेट सोडल्या तर बाकी सगळ्या शंभर ते दीडशे सीसीच्या, रोज शाळेत आणि बाजारात जाणाऱ्या. नियम मोजके आहेत. आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, पट्टा लावलेले. कोपरात अडकवलेले चालत नाही. कंपनीचाच सायलेन्सर, फटाके फोडणारा नाही. चालत्या गाडीवर मोबाइल बाहेर काढायचा नाही. आणि ज्याची गाडी सासरच्यांकडून मागून घेतलेली आहे त्याला प्रवेश नाही. हा शेवटचा नियम आला तेव्हा दोन तरुण गुपचूप यायचे बंद झाले. बरेच झाले. निकाहात मुलीच्या बापाला कर्जात घालून आणलेल्या गाडीवर बसून सवारीची दुआ पढायची, हे आम्हाला काही पटत नाही.

मागे बसणाऱ्यांसाठीही नियम आहेत आणि ते आम्ही घरोघरी जाऊन सांगितले आहेत, म्हणून इथेही सांगतो. गेल्या दोन सफरींत आमच्यातल्या तिघांच्या बेगम बरोबर होत्या. बुरख्याचा घेर, ओढणीचे टोक, साडीचा पदर यांतले काहीही चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेले की माणूस क्षणात खाली येतो, आणि गळ्याभोवती ओढणी असेल तर जीवही जातो. मागच्या चाकाशेजारची जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती कितीतरी पोरे गाडी शोरूममधून आणल्याबरोबर काढून टाकतात, गाडी बायकी दिसते म्हणून. ती काढू नका. एका अंगाला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय घेऊन बसणे कितीतरी सुरक्षित. बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली घ्यायचा, ओढणी जाकिटाच्या आत. आणि हेल्मेट मागच्या माणसालाही हवेच. डोके तिचेही आहे.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल आम्ही दरवर्षी शाळेच्या फलकावर लावतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सुमारे ५० हजार मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून अधिक होते. मुले आकडे वाचतात, वहीत उतरवून घेतात आणि शाळा सुटल्यावर एका गाडीवर तिघे बसून घरी जातात.

यंदा विजापूर ठरले. आता कागदोपत्री विजयपुरा म्हणतात, आमच्या तोंडी विजापूरच आहे. आमच्या शहरातला रस्ताही विजापूर रोडच. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. चौपदरी महामार्ग आहे. एका दिवसाला बरोबर पुरेल एवढे अंतर.

सफर ठरली की अमीर निवडायचा. तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावे, अशी हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे, आणि मोटारसायकलींच्या ताफ्याला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला लागू पडत असेल. दोन जणांनी दोन वाटा धरल्या की निम्मे लोक एका फाट्यावर आणि निम्मे दुसऱ्या. यंदाचे अमीर अण्णा होते. अण्णा लिंगायत, एसटीतून निवृत्त झालेले चालक, कानडी घरची. आमच्यातल्या एकाने हळूच विचारलेही की अमीर आपल्यातला नको का? त्यावर आमचे ज्येष्ठ सर म्हणाले, “नमाजचा इमाम वेगळा, रस्त्याचा अमीर वेगळा. तीस वर्षे पॅसेंजर सुखरूप पोचवलेत त्यांनी. तुम्ही किती पोचवले?” विषय संपला.

खरा पेच होता तो चाचांचा.

चाचांचे सीट-कव्हरचे दुकान आहे. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मंगळवेढ्याकडच्या एका लग्नाहून रात्री नऊच्या सुमारास परतत होता. कडेला पंक्चर होऊन उभी असलेली उसाची ट्रॉली. मागून आदळला. हेल्मेट घरी होते, कपाटावर, नवेच्या नवे. चाचांनीच घेऊन दिले होते. जनाजात आम्ही सगळे होतो. आमच्यापैकी दोघांनी त्याला सातवी-आठवीत शिकवले होते.

मुलाची पल्सर वर्षभर पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. ती सुटल्यावर सगळ्यांनी सांगितले की विकून टाका. चाचांनी पुढचे चिमटे बदलले, टाकी ठोकून घेतली, सीट स्वतःच्या हाताने शिवली आणि गाडी चालवायला लागले. हेल्मेट तेच, कपाटावरचे. मग एके दिवशी क्लबच्या बैठकीला आले आणि म्हणाले, “मेरेकू भी लो.” नाही कोण म्हणणार?

पण चाचा पन्नासच्या वर जात नाहीत. मोकळ्या चौपदरीवर, वारा पाठीशी असताना, पन्नास. वर आणखी एक सवय. कडेला ट्रॉली दिसली की चाळीसवर येतात, मान वळवून तिच्याकडे पाहतात आणि पुढे जातात. आम्हाला वाटायचे, जखम ओली आहे, पाहू द्या. तरुणांना मात्र ते फार अवघड जाई. ताफ्यात एकाने वेग कमी केला की मागच्या सगळ्यांना करावा लागतो.

ताफ्याची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चौदा गाड्या निघाल्या तर एकच लांब रांग आम्ही करत नाही, सात-सातचे दोन गट करतो. गटातल्या गाड्या एकामागे एक सरळ नसतात, तिरप्या असतात. पहिली आपल्या लेनच्या उजव्या बाजूला, दुसरी डाव्या बाजूला थोडी मागे, तिसरी पुन्हा उजवीकडे. तिरप्या गाडीशी एक सेकंदाचे अंतर, सरळ समोरच्या गाडीशी किमान दोन सेकंदांचे. त्यामुळे प्रत्येकाला समोर मोकळा रस्ता दिसतो आणि ब्रेक मारला तर जागा असते. गटातल्या गटात ओव्हरटेक नाही. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला सांभाळायचे. तो दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचे आणि तरीही न दिसला तर थांबायचे. आपण थांबलो की आपल्या पुढचा थांबतो. अशी थांबण्याची खबर मागून पुढे जात जात पहिल्या गाडीपर्यंत पोचते, हॉर्न नाही, फोन नाही.

आता सर्वांत हळू चालणाऱ्याला कुठे ठेवायचे? नव्या लोकांना वाटते, सर्वांत मागे. तिथेच फसगत होते. ताफा रबरासारखा असतो. पुढच्याने वेग थोडासा वाढवला की मधल्या प्रत्येक गाडीला तो समजायला क्षण-दोन क्षण लागतात, आणि शेवटच्याला ते सगळे अंतर भरून काढायला पुढच्यापेक्षा कितीतरी जोरात पळवावी लागते. हळू माणूस शेवटी ठेवला की तो दिवसभर धापा टाकत पाठलाग करतो आणि कुठल्यातरी वळणावर चुकतो. म्हणून त्याची जागा दुसरी, पहिल्या गाडीच्या लगेच मागे. त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. जमाअतमध्ये म्हातारे, आजारी, कामाची माणसे असतात म्हणून इमामाने नमाज लांबवू नये, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रस्त्यावर ती पाळणे जड जाते, कारण मशिदीत कोणाच्या मुठीत एक्सिलरेटर नसतो.

सर्वांत मागे ठेवायचा तो गटातला सर्वांत पक्का माणूस. त्याच्याजवळ हवा भरायचा पंप, पंक्चरचे सामान, प्रथमोपचाराची पेटी, एक दोरी. कोणाचे काही बिघडले तर तो थांबतो, बाकीचे पुढे सुरक्षित जागी वाट पाहतात. हजरत जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे, तीही अबू दाऊदमध्येच. पैगंबरसाहेब (स.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्याला पुढे चालते करत, ज्याचे चालणे संपले त्याला आपल्या मागे सवारीवर बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. आमच्या क्लबातल्या पोरांना आम्ही हे सांगतो तेव्हा ती आदराने ऐकतात आणि लगेच पहिली गाडी कोणाची यावरून भांडतात.

तर चाचा दुसऱ्या जागेवर, अण्णांच्या मागे. मागच्या गटाची शेवटची गाडी कंपाउंडर भाईंची. सातच्या ठोक्याला सोरेगाव सोडले. हत्तूर, मंद्रूप, तेरामैल. दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर आलेली, कणसे अजून दुधात. हुरड्याला अजून आठवडाभर होता. थंडी हातमोज्यांतून बोटांच्या टोकाला लागत होती, बाकी काही नाही. टाकळीच्या पुढे भीमेचा पूल आला. नदी ओलांडली की महाराष्ट्र मागे पडतो, पाट्या कानडीत होतात आणि अण्णांचा आवाज एकदम मोठा होतो. धूळखेड, झळकी, होर्ती. होर्तीला चहा. चाचांनी वाटेत नऊ ट्रॉल्यांपाशी वेग कमी केला. आम्ही मोजल्या नाहीत. आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने मोजल्या आणि चहा पिताना सगळ्यांना ऐकवल्या.

हा धाकटा चोवीस वर्षांचा. मनाने चांगला, हात सफाईचा, तोंडाचा फटकळ.

दहाच्या पुढे गोलघुमटाच्या दारात पोचलो. घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. १६२७ ते १६५६ असे एकोणतीस वर्षे त्याने राज्य केले. वास्तुकार दाभोळचा याकूत. आपल्या कोकणातल्या दाभोळचा माणूस विजापूरला येऊन मधे एकही खांब न देता सुमारे ३८ मीटर आतला व्यास असलेला घुमट तोलून धरतो, हे पोरांना कितीदा सांगितले तरी आमचे समाधान होत नाही. चार कोपऱ्यांना चार सातमजली मनोरे. त्यांतल्या एका अरुंद जिन्याने वर जायचे. चाचा दर मजल्यावर थांबून खिडकीतून बाहेर पाहत चढले. अण्णा त्यांच्या मागे.

वर घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा आहे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तर समोरच्या बाजूला, सदतीस-अडतीस मीटरवर, भिंतीला कान लावणाऱ्याला ते ऐकू येते. टाळी वाजवली तर पुन्हा पुन्हा घुमते. शाळेच्या सहली आल्या की किंकाळ्यांनी हा गुण पार बुडून जातो. पण त्या दिवशी गर्दी नव्हती. आम्ही काही जण चाचांबरोबर एका बाजूला टेकलो होतो. धाकटा आणि त्याचे दोन दोस्त पलीकडे होते. आणि भिंतीतून अगदी स्पष्ट, जणू शेजारी उभे राहून बोलावे तसे, शब्द आले, “चाचा के पीछे ऐसेच चले तो घर पहुंचते पहुंचते इशा होती देखो.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणाला काय बोलावे सुचेना. चाचांनी तोंड भिंतीजवळ नेले आणि शांतपणे म्हणाले, “इशा नहीं होती बेटा. मगरिब तक छोड देतूं.”

पलीकडे तिघेही भिंतीपासून असे मागे झाले की चटका बसावा.

जोहरची नमाज जामा मशिदीत अदा केली. अली आदिलशहा पहिला याने बांधायला घेतलेली ही मशीद आतून पाहिली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. सोलापूर-विजापूर अंतर आपल्याकडच्या उलेमांनी सांगितलेल्या ४८ मैलांच्या, म्हणजे साधारण ७७-७८ किलोमीटरच्या हद्दीपलीकडे जाते, म्हणून आम्ही मुसाफिर होतो. पण इमाम स्थानिक. त्यांच्या मागे पूर्ण चार रकात. आमचे बिगरमुस्लिम मित्र तोपर्यंत बाहेर गाड्यांपाशी बसले होते आणि त्यांनी जेवायला खानावळ हेरून ठेवली होती. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, एण्णेगाई. धाकटा जेवताना गप्प होता. चाचांच्या ताटात त्याने दोनदा भाकरी वाढली, माफी मात्र त्याच्या तोंडातून निघेना.

साडेतीनला निघताना चाचा अण्णांकडे गेले आणि म्हणाले, “जाते वक्त मेरेकू सबसे पीछे रखो. बाकी पोरगे आगे निकलो, मैं आता आरामसे.”

अण्णांना वाटले, आम्हा सगळ्यांनाच वाटले, की म्हाताऱ्याला बोल लागला. अण्णांनी बराच वेळ समजावले. चाचा ऐकेनात. शेवटी अमीर म्हणून अण्णांनी निकाल दिला. चाचा मागे, पण शेवटचे नाहीत. शेवटची गाडी धाकट्याची. पंक्चरचे सामान, दोरी, पेटी सगळे कंपाउंडर भाईंकडून काढून धाकट्याच्या गाडीला बांधले. “यांच्या पुढे जायचं नाही. हे थांबले तर थांबायचं. ह्यांना घरी पोचवायचं आणि मला फोन करायचा,” अण्णा म्हणाले. हा निवाडा आम्हाला तेव्हा शिक्षेसारखा वाटला. धाकट्यालाही तसाच वाटला असावा, त्याचे तोंड उतरले होते.

असर होर्तीला. तिथे आमचीच जमाअत, म्हणून कसर, दोन रकात. अगदी पावणेपाचला पुन्हा रस्त्यावर. हिशेबाने सहाला भीमा ओलांडून बरेच पुढे असायला हवे होते.

झळकी मागे पडल्यावर दुसऱ्या गटाच्या आरशांतून मागच्या दोन गाड्या गेल्या. नियमाप्रमाणे त्यांच्या पुढचा हळू झाला, मग थांबला, मग त्याच्या पुढचा. दोन मिनिटांत बाराच्या बारा गाड्या रस्ता सोडून कडेला उभ्या. पाच मिनिटे गेली. दहा गेली. धाकट्याचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. चाचांचा बंद. ऊन तांबूस झाले होते. कोणी काही बोलत नव्हते, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते, दोन वर्षांपूर्वीचे. आमच्यातल्या एकाने तर जाकिटाची चेन उघडली आणि पुन्हा लावली, पुन्हा उघडली. चाचींना काय सांगायचे?

चौपदरीवर मागे फिरायचे म्हणजे दुभाजक जिथे फुटतो तिथवर पुढे जावे लागते. उलट्या बाजूने जाणे आमच्यात हराम मानतो. अण्णा आणि आम्ही तिघे पुढे जाऊन वळलो, तीन-चार किलोमीटर मागे आलो, पुन्हा वळलो.

कडेला उसाची डबल ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर सोडवून नेलेला. ट्रॉलीच्या मागे धाकटा गुडघ्यांवर बसला होता, हातात फडके. चाचा त्याला सांगत होते, “पहले धूल पोंच. धूल पे टेप नहीं बैठता.” पल्सरला बांधलेली रेक्झिनची पिशवी उघडी होती. आत लाल रिफ्लेक्टर टेपचे रीळ, तारेचे भेंडोळे, पक्कड, आणि रेक्झिनच्या हातभर लांब पट्ट्यांची जुडी. प्रत्येक पट्टीवर लाल टेप शिवलेली, दोन्ही टोकांना भोके.

आम्ही गाड्यांवरून उतरलो ते काही न बोलता. चाचांनी वर पाहिले आणि जणू दुकानातच कोणी आल्यासारखे म्हणाले, “आओ. वो उधर की बाजू पकडो.”

ट्रॉलीच्या लोखंडी फळीवर टेप सरळ चिकटते. पण ऊस बाहेर लोंबत असेल तर फळीवरची टेप दिसतच नाही. म्हणून पट्ट्या. त्या उसाच्या सर्वांत बाहेर आलेल्या मोळ्यांना तारेने बांधायच्या, दोन्ही कडांना एकेक, जेणेकरून मागून येणाऱ्याला ट्रॉलीची रुंदी कळेल. मधे एक, उंचीवर. मागच्या बाजूला लाल, बाजूंना पिवळी. चाचा रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर शहराबाहेरच्या कुठल्यातरी रस्त्याला जातात आणि अंधार पडेपर्यंत हेच करतात. दोन हंगाम झाले. जाताना ट्रॉल्या पाहायच्या, कोणती उभी आहे, कोणती चालती, आणि येताना थांबायचे. सकाळी त्यांनी वेग कमी केला तो त्यासाठी.

“शिलाई किसकी?” आमच्यातल्या एकाने विचारले. टाका बारीक आणि सरळ होता, दुकानातल्या मशीनचा वाटत नव्हता.

“घरमें होती,” चाचा म्हणाले. “रातकू नींद नहीं आती उसकू.”

ज्येष्ठ सरांना भरून आले. ते म्हणाले, “चाचा, रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग सांगितला आहे.”

“वो तो हैच सर,” चाचा म्हणाले, “पर टेप तिरछा जा रा देखो तुमारा.”

तेवढ्यात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मेकॅनिकला घेऊन आला. बीडकडचा पोरगा, वीस-एकवीसचा. आम्हाला पाहून आधी घाबरला. हेल्मेटवाली पाच-सहा माणसे, त्याला वाटले, दंड करायला आलेत. मग पट्ट्यांकडे पाहत राहिला. पैसे किती म्हणाला. चाचांनी त्याला उरलेल्यांतल्या चार पट्ट्या आणि तारेचा तुकडा दिला, मागच्या दुसऱ्या ट्रॉल्यांसाठी. “तेरे दोस्तां कू बांध,” एवढेच म्हणाले.

मगरिब टाकळीच्या अलीकडे, एका पंपाच्या मोकळ्या जागेत अदा केली. क्लबाच्या इतक्या सफरींत अंधारात चालण्याची ती पहिलीच वेळ. अण्णांनी दोन्ही गट एक केले, अंतर वाढवले आणि सगळ्यांना ताकीद दिली, पन्नास. कोणी हूं की चूं केले नाही. तेरामैलपर्यंत आणखी तीन ट्रॉल्यांपाशी थांबलो. शेवटच्या ट्रॉलीला पट्ट्या पुरल्या नाहीत. धाकट्याने आपल्या जाकिटावरची रिफ्लेक्टरची पट्टी ब्लेडने काढली आणि तारेने बांधली. सोरेगावात शिरताना इशाची अजान चालू होती. चाचांनी गाडी धाकट्याच्या शेजारी आणली, काच वर केली आणि म्हणाले, “देख, बोला था ना तू. इशा हुई.”

धाकटा इतका हसला की गाडी बंद पडली त्याची.

त्यानंतरच्या मंगळवारी तो चाचांच्या दुकानात गेला. रेक्झिनचे निकामी तुकडे कुठल्या आकारात कापायचे ते शिकून आला. टेपचे रीळ सोलापुरात कुठे स्वस्त मिळते याची त्याने चार दुकाने फिरून चौकशी केली आणि आता दर महिन्याला वर्गणीतून दोन रिळे घेतली जातात. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी हस्तव्यवसायाच्या तासाला भोके पाडून दिली. टाके मात्र अजून घरीच पडतात. दुसऱ्या कोणी शिवलेले चाचींना चालत नाही. दोन पट्ट्या त्यांनी उसवून परत पाठवल्या.

पुढची सफर जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, हुरड्याला, मंगळवेढ्याच्या रस्त्याने. तो रस्ता चाचांनी स्वतःच सुचवला. काल चाचींचा निरोप आला आहे की शंभर पट्ट्या तयार आहेत, तार मात्र संपली आहे, ती आम्ही आणावी.